डॉल्फिन पाहायला जाताय? आधी बोट पाहा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वेगळीच गर्दी सुरू होते. आजार नसतो, पण प्रश्न असतो. “डॉक्टर, मुलगा अंदमानला न्यायचं म्हणतोय, जाऊ का?” “मालवणला डॉल्फिन दाखवतात म्हणे, हिच्या बीपीचं काय?” गेल्या दहा-पंधरा वर्षांत चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, धुळे इथल्या कुटुंबांची सहल शिर्डी-वणीच्या पुढे गेली आणि समुद्रापर्यंत पोचली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपला माणूस मुळात समुद्राचा नाही. गिरणेच्या डोहात पोहायला शिकलेला माणूसही समुद्रात नवखाच असतो. एसटीत चढताना आपण गाडीची अवस्था एका नजरेत ओळखतो. बोटीत चढताना काय पाहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

त्यामुळे “जाऊ का?” या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा “जा” असंच असतं. पुढचा प्रश्न मात्र मी विचारतो: “कोणत्या बोटीने?” हॉटेल निवडताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, खोलीचे फोटो मागवतो. बोट मात्र किनाऱ्यावर पोचल्यावर, जो आधी हाक मारेल त्याची ठरते. वास्तविक त्या सहलीत तब्येतीवर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट तीच असते.

कुठे जायचं आहे, त्यावर बोट ठरते

महाराष्ट्रात बेटं आणि वन्यजीव एकत्र पाहायचे तर पहिलं नाव सिंधुदुर्गाचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती या पट्ट्यात दिसणारे डॉल्फिन हे बहुतेक करून पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारे ‘हम्पबॅक’ जातीचे. जगभरात त्यांची गणना संकटग्रस्त जातींत होते. निवतीच्या समोर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा खडकाळ बेटांचा समूह आहे. त्यातल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी बांधतात. या घरट्यांचं सूप शक्तिवर्धक असतं, या समजुतीपायी त्यांची तस्करी होत होती. या शतकाच्या सुरुवातीला ती उघडकीला आली आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने त्यांच्या संरक्षणाचं काम हाती घेतलं. डॉक्टर म्हणून एवढंच सांगतो, की त्या घरट्यात माणसाची ताकद वाढवणारं खास असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

आता फरक पाहा. देवबागच्या खाडीत फिरणं, किनाऱ्याजवळ तासभर डॉल्फिन पाहणं आणि वेंगुर्ला रॉक्सपर्यंत खुल्या समुद्रात जाणं या तीन वेगळ्या सहली आहेत. जाहिरातीत तिन्हींना ‘बोटिंग’ म्हणतात. पहिलीला साधी होडी चालते. दुसरीला चांगली बोट हवी. तिसरीला बोटही चांगली हवी, दिवसही चांगला हवा आणि माणूसही धडधाकट हवा.

ज्यांना समुद्राची धास्ती आहे त्यांच्यासाठी शांत पाण्याचे पर्याय आहेत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. ऐरोलीच्या केंद्रातून तिथे बोटी जातात आणि त्या भरतीच्या वेळेप्रमाणे सुटतात. गोव्यात मांडवी नदीतल्या चोराव बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे खारफुटीतून होडीने फिरता येतं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात मासेमारांच्या होडीतून रोहित पक्षी पाहता येतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला या ठिकाणी जो आनंद मिळेल तो खवळलेल्या समुद्रात मिळणार नाही.

पलीकडे अंदमान. तिथे बेटाबेटांत जाताना मोठ्या वेगवान बोटी असतात, पण बाराटांगजवळच्या पोपटांच्या बेटाकडे किंवा प्रवाळ पाहायला लहान बोटीच न्याव्या लागतात. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशी आपल्याकडची काही मंडळी आता थेट गॅलापागोसलाही जाऊ लागली आहेत. दक्षिण अमेरिकेच्या इक्वेडोर देशाची ही बेटं. तिथला कायदा सांगतो, की एका जहाजावर शंभराहून जास्त प्रवासी नकोत आणि एका मार्गदर्शकामागे सोळाहून जास्त माणसं नकोत. म्हणून तिथल्या बऱ्याच बोटी सोळा प्रवाशांच्याच असतात. डार्विन १८३५ साली याच बेटांवर उतरला होता. ‘बीगल’ हे त्याचं जहाज जेमतेम नव्वद फुटी, आणि पाच वर्षांच्या त्या प्रवासात त्याला बोट लागण्याचा त्रास शेवटपर्यंत छळत राहिला. पोटात ठरतील असे काय ते मनुके, असा त्याचा अनुभव. तेव्हा बोट लागली म्हणून कुणी लाजू नये.

लहान बोट चांगली की मोठी?

लहान बोटीचे फायदे खरे आहेत. माणसं कमी, गोंगाट कमी, उथळ पाण्यात शिरता येतं, तांडेलाशी बोलता येतं, कुणाला त्रास झाला तर लगेच परत फिरता येतं. तोटा एकच, पण मोठा: लाट तिला जास्त हलवते आणि माणसांचं वजन तिला जास्त कलवते.

कोकणात पूर्वीपासून उलांडीची होडी आहे. अरुंद होडीच्या बाजूला दांड्यांनी एक लाकूड बांधलेलं असतं, ते पाण्यावर टेकून होडीला पालथी होऊ देत नाही. आजच्या कॅटामरानमागेही तेच तत्त्व आहे. दोन अरुंद तळ शेजारी शेजारी ठेवून वर एकच डेक. रुंदी वाढली की बोट सहज कलत नाही. याच्या उलट, अरुंद बोटीवर माडी चढवली आणि सगळी माणसं वर जाऊन बसली, की गुरुत्वमध्य वर सरकतो. मग थोड्याशा कलण्यानेही ती सावरू शकत नाही.

हे पुस्तकी ज्ञान नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या पेरियार जलाशयात पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावर आलेली जनावरं पाहायला प्रवासी एका बाजूला गोळा झाले होते. ती बोट जुनी नव्हती, पाण्यात उतरून तिला फार दिवसही झाले नव्हते. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूरला पर्यटकांची बोट बुडून २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिला पर्यटनासाठी बदललेलं होतं आणि तिच्यात माणसं जास्त होती. आपल्या तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, त्यात पंधरा जीव गेले. शेवटच्या अपघातात टक्कर प्रवाशांच्या बोटीमुळे झाली नव्हती. पण दोष कुणाचाही असो, पाण्यात पडलेल्या माणसाच्या कामी त्या क्षणी एकच गोष्ट येते: अंगावर आधीपासून बांधलेलं जॅकेट.

म्हणून वन्यजीव पाहायला जाताना बोटीचा पहिला नियम: प्राणी उजवीकडे दिसला तरी सगळ्यांनी उजवीकडे धावायचं नाही. जागेवर बसूनच पाहायचं. चांगला तांडेल बोट वळवून प्राणी दोन्ही बाजूंच्या लोकांना दाखवतो. “या, या, इकडे या, लवकर!” असं ओरडून सगळ्यांना एका कडेला बोलावणाऱ्याच्या बोटीत पुन्हा बसू नका.

बोट का लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं एक नाजूक यंत्र असतं. शरीर हललं की ते मेंदूला कळवतं. बोटीत बसून तुम्ही मोबाइलकडे किंवा समोरच्या बाकाकडे पाहत असता तेव्हा डोळे सांगतात, “सगळं स्थिर आहे.” कान सांगतो, “आपण वरखाली होतोय.” या दोन साक्षींत मेळ बसला नाही की मेंदू गोंधळतो आणि मळमळ, जांभया, गार घाम, उलटी असा क्रम सुरू होतो. दर पाच सेकंदांनी एकदा वरखाली होणारी संथ हालचाल सर्वांत जास्त त्रास देते, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणूनच धावत्या बोटीत ठीक असलेला माणूस डॉल्फिन पाहायला बोट थांबली की पाच मिनिटांत पांढरा पडतो. वारा थांबतो, बोट लाटेवर झुलू लागते आणि डिझेलचा धूर नाकात शिरतो.

दोन ते बारा वर्षांची मुलं, गरोदर बायका, अर्धशिशी असलेले लोक यांना हा त्रास जास्त होतो. अगदी तान्ह्या मुलांना सहसा होत नाही. उपाय साधे आहेत. बोटीच्या मध्यावर बसा, तिथे हालचाल सर्वांत कमी असते. पुढच्या टोकाला बसायला मुलांना आवडतं, पण तिथेच ती सर्वांत जास्त असते. नजर लांब, जिथे पाणी आणि आकाश मिळतं त्या रेषेवर ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर फोटो पाहत बसू नका. धूर येत असेल तर बाजू बदला, पण तांडेलाला विचारून, एकेकाने.

औषधांबाबत एक गैरसमज दूर करतो. घरात उलटीवरची म्हणून जी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी असते ती बोट लागण्यावर फारशी उपयोगी पडत नाही. तिचा मार्ग वेगळा आहे. मेक्लिझिन, प्रोमेथाझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या इथे काम करतात आणि त्या मळमळ सुरू होण्याच्या आधी, म्हणजे निघण्यापूर्वी तासभर तरी घ्याव्या लागतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात ठरतच नाही. यांतल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांचा दाब वाढू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि एकदा घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. किती झोप येते ते किनाऱ्यावर कळलेलं बरं. आल्याचा तुकडा चघळल्याने थोडाफार फायदा होतो, अपायही नाही.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच आहे. चाळीसगावहून रात्रभर रेल्वेने मुंबई, मग पुन्हा कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून रिक्षाने किनारा आणि सामान ठेवून थेट बोटीत. झोप नाही, पाणी कमी, वर गाडीत सोबत आणलेली शेव आणि चिवडा. अशा शरीराला बोट लागणारच. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं खा. उपाशीही नको आणि तुडुंबही नको. पोळी, केळं, साध्या लाह्या पुरेत. झणझणीत शेवभाजी परतल्यावर.

गोळ्यांच्या डब्याचं गणित

मधुमेहींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. सकाळी ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं, नाश्ता केला, आणि अर्ध्या तासात बोटीत तो सगळा बाहेर पडला. औषध अंगात, अन्न मात्र नाही. मग साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, गोंधळ, आणि सोबतचे म्हणतात, “बोट लागली आहे, पडू द्या जरा.” साखर उतरल्याची आणि बोट लागल्याची सुरुवातीची लक्षणं इतकी सारखी असतात, की त्या दोन्हींतला फरक यंत्रावर बोट टोचूनच कळतो. म्हणून साखर मोजायचं यंत्र बोटीत सोबत हवं, बॅग हॉटेलात ठेवून चालणार नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी. यंत्र हाताशी नसेल तर साखर उतरली आहे असं समजून चमचा-दोन चमचे साखर किंवा गोड पाणी द्या, मात्र माणूस पूर्ण शुद्धीत आणि गिळू शकत असेल तरच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असतील आणि उलट्या होत असतील तर ती गोळी त्या दिवशी थांबवायची का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

रक्तदाबाच्या रुग्णांत दुसराच घोटाळा होतो. लघवी जास्त होणारी गोळी चालू असते. बोटीवर सोय नसणार म्हणून माणूस ती गोळी परस्पर बंद करतो, किंवा त्याहून वाईट, पाणीच पीत नाही. बायका तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. वर ऊन, पाण्यावरून उलटं येणारं ऊन आणि खारा वारा. परतताना चक्कर येते, आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ घेऊन आमच्याकडे येतात. उपाय बोट निवडण्यातच आहे. दोन तासांहून जास्त फिरायचं असेल तर स्वच्छतागृह असलेली बोट निवडा. नसेल तर फेरी दीड तासाची ठेवा. गोळीची वेळ परतल्यानंतरची करता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा करता येते.

हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल तर खुल्या समुद्राची सहल पुढच्या वर्षी ठेवा. झटका जुना असेल, तब्येत स्थिर असेल, दोन जिने न थांबता चढता येत असतील, तर किनाऱ्याजवळच्या फेरीला सहसा हरकत नसते. तरी आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक पिशवी भिजली तरी दुसरी राहते.

पन्नाशीपुढच्या बायकांसाठी एक इशारा, जो किनाऱ्यावर कुणी देत नाही. वेगवान स्पीडबोट लाटेवर उडून आपटते तेव्हा पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीच्या मण्यांवर जबरदस्त दणका बसतो. त्याने मणका दबून मोडल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या आहेत. हाडं ठिसूळ झाली असतील तर धोका अधिक. अशांनी स्पीडबोट टाळावी. बसावंच लागलं तर मागच्या बाकावर, पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी धरून.

गुडघ्यांचा प्रश्न चढता-उतरताना येतो. सगळीकडे धक्का नसतो. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन कडेवरून पाय टाकावा लागतो, काही ठिकाणी हलत्या होडीतून दुसऱ्या होडीत जावं लागतं. पडण्याचे प्रकार बोटीत बसल्यावर नाही, या क्षणी होतात. “चढायचं कुठून आणि उतरायचं कुठे?” हे फोनवरच विचारा. शिडी आणि धरायला कठडा असेल तर अर्धी चिंता मिटते. पायात मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला असू द्या. साडीपेक्षा सलवार बरी.

स्कूबाचा मोह सगळ्यांनाच होतो. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाच्या पडद्याला भोक असेल तर वैद्यकीय तपासणीशिवाय पाण्याखाली जाऊ नका. आणि अंदमानहून परतताना लक्षात ठेवा: पाण्याखालून आल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण एक दिवस जाऊ द्या. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तयार होऊ शकतात.

तांडेलाला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न विचारायला संकोच नको. चांगल्या बोटवाल्याला त्यांचा राग येत नाही. उलट, अशी चौकशी करणारं गिऱ्हाईक त्याला बरं वाटतं.

बोट सागरी मंडळाकडे नोंदलेली आहे का, आणि किती प्रवाशांची परवानगी आहे? आकडा ऐका आणि बसलेली माणसं मोजा. मांडीवरचं मूलही माणूस म्हणूनच मोजा.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, आणि मुलांच्या मापाचं आहे का? जॅकेट घालून पट्टे आवळा. मग कुणाला तरी दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. फोटोसाठी काढायचं नाही, आणि किनारा जवळ आला म्हणूनही काढायचं नाही. तारकर्लीची बोट किनाऱ्याजवळच उलटली होती.

एकच इंजिन आहे की दोन? एकच असेल आणि ते बंद पडलं तर काय करणार? वायरलेस आहे का? मोबाइलला समुद्रात किती अंतरापर्यंत रेंज मिळते? समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, किनाऱ्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवा.

किती वाजता निघणार? शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते आणि दुपारपासून वारा समुद्राकडून जोराने येऊ लागतो, लाटा वाढतात. म्हणून सकाळची पहिली फेरी घ्या. समुद्र शांत, ऊन कोवळं, आणि प्राणी दिसण्याची शक्यताही चांगली. पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत, आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी आणि जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कुणी “माझी ओळख आहे, नेतो” म्हणाला तर नको म्हणा.

आणि शेवटचा प्रश्न: हवामान बिघडलं तर पैसे परत देणार का? हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण खरं तर सुरक्षिततेचा आहे. पैसे परत न देणाऱ्याला बोट न्यावीच लागते. पैसे परत देणारा “आज नको” म्हणू शकतो.

डॉल्फिनला धरून बोट ओळखा

इतकं सगळं विचारायला वेळ नसेल तर एक सोपी खूण सांगतो. प्राण्यांशी बोटवाला कसा वागतो ते पाहा.

डॉल्फिन आवाजाने जगतो. आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून तो मासे शोधतो, पिल्लाशी बोलतो. चार-पाच बोटी इंजिनं गुरगुरवत त्याच्या मागे लागल्या की त्याला धड शिकार करता येत नाही, विसावाही मिळत नाही. जाणता तांडेल पन्नास मीटरच्या आत घुसत नाही, कळपाच्या मधून बोट घालत नाही, बाजूने समांतर, हळू जातो, आणि थोड्या वेळाने आपणहून निघतो. डॉल्फिन दिसलाच नाही तरी शिट्ट्या, पाण्यावर थापा असले प्रकार करत नाही. गॅलापागोसमध्ये प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे आणि मार्गदर्शक तो मोडू देत नाही. तिथे पक्षी माणसाला घाबरत नाहीत, याला हे अंतर राखणंही कारणीभूत आहे.

माझं अनुभवाने बनलेलं मत असं, की जो तांडेल डॉल्फिनमागे भरधाव पळत नाही तोच अचानक वळण घेऊन तुमच्या आईला बाकावरून पाडत नाही. जो जास्त बोटींच्या गर्दीत शिरत नाही त्याची टक्कर होत नाही. जो माणसं मोजून घेतो तोच वेळेवर परत फिरतो. प्राण्याला जपणारी शिस्त आणि प्रवाशाला जपणारी शिस्त या दोन नाहीत. ती एकच सवय आहे. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी त्याची बोट घ्या. आणि “जवळ घ्या ना, फोटो येत नाही,” असा आग्रह आपणही करू नये. गिऱ्हाइकाच्या हट्टापायी चांगला तांडेलही बिघडतो.

तरीही कुणी पाण्यात पडलं तर

आधी तरंगणारी वस्तू फेका: रिंग, रिकामा कॅन, दोरी. पोहता न येणाऱ्याने मागे उडी मारू नये. वाचवायला गेलेलाच बुडाला, असे प्रकार आपल्या गिरणेकाठीही दरवर्षी होतात. माणूस बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटा धरणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं हे प्रकार करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. बुडालेल्या माणसात प्राणवायूचीच कमतरता असते, म्हणून इथे श्वास देणं टाळून चालत नाही. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. काही तासांनी दम लागू शकतो. हे शिकायला दोन तास पुरतात. जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा, सहलीला जाणाऱ्या गटातल्या एकाने तरी शिकून घ्या.

समुद्र पाहावा. आयुष्यभर कापसाच्या आणि केळीच्या बागांत राबलेल्या माणसाने साठीत पहिल्यांदा पाण्यातून वर आलेली डॉल्फिनची पाठ पाहावी, पाकोळ्यांचा थवा पाहावा, यापेक्षा चांगलं औषध आमच्या कपाटात नाही. फक्त बोट ठरवताना घरातला सर्वांत धडधाकट तरुण डोळ्यांपुढे ठेवू नका. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याची साखर उतरते, ज्याला पोहता येत नाही, जे मूल चार वर्षांचं आहे, त्याच्या मापाने बोट निवडा. त्याला झेपेल ती बोट सगळ्यांना झेपते.